उजनीचा ऊस आणि गाडीतलं इथेनॉल : २०२३-२४ च्या हंगामाचं प्रकरण

७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने साखर कारखान्यांना कळवलं की चालू इथेनॉल वर्षात उसाचा रस आणि पाक यांपासून इथेनॉल तयार करणं ताबडतोब थांबवावं. गाळप सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. कारखान्यांनी तेल कंपन्यांशी पुरवठ्याचे करार केले होते, आसवनींचा (इथेनॉल बनवणाऱ्या प्रकल्पांचा) विस्तार करण्यासाठी कर्जं काढली होती. आठ दिवसांत, १५ डिसेंबरला, आदेश सैल झाला. रस आणि बी-हेवी मळी (जिच्यात थोडी साखर राहू दिलेली असते) दोन्ही वापरता येतील, पण देशभरात मिळून १७ लाख टन साखरेइतकंच इथेनॉलकडे वळवता येईल, असं ठरलं. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस पुढच्या वर्षासाठी हीही मर्यादा काढून टाकली गेली.

त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यात उजनी धरण भरलं नव्हतं. २०२३ चा पावसाळा संपला तेव्हा धरणात साठ टक्क्यांच्या आसपास उपयुक्त साठा होता. जानेवारी २०२४ मध्ये धरण मृतसाठ्यात गेलं आणि उन्हाळ्यात उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली उतरलं. सोलापूर शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत होतं.

म्हणजे दुष्काळाच्या वर्षात उसाच्या रसापासून इंधन करणं सरकारने खरोखरच थांबवलं होतं. मात्र कारण दुष्काळी भागातलं पाणी नव्हतं. साखरेचं उत्पादन घटेल आणि बाजारात भाव चढतील, एवढीच काळजी त्या निर्णयामागे होती. साखरेचं चित्र सुधारलं तशी बंदी सैल झाली आणि नंतर उठली. उजनीत किती पाणी आहे, तोडणीला कोण आलं आहे, हे या निर्णयात कुठल्याच टप्प्यावर विचारलं गेलं नाही. द्रवरूप जैवइंधन पर्यावरणाला आणि समाजाला पेलणारं आहे की नाही हे तपासायचं असेल, तर हा हंगाम मला सगळ्यात बोलका वाटतो. एका लिटर इथेनॉलचा पूर्ण हिशेब मांडायचा झाला तर त्यात काय काय येईल आणि आपण प्रत्यक्षात काय मोजतो, हे इथे शेजारी शेजारी ठेवता येतं.

आधीची गोष्ट थोडक्यात

२०१३-१४ मध्ये देशात पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण दीड टक्का होतं. तेव्हा ते मुख्यतः सी-हेवी मळीपासून, म्हणजे साखर पूर्ण काढून झाल्यावर उरलेल्या मळीपासून बनायचं. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने बी-हेवी मळी, थेट उसाचा रस आणि खराब धान्य यांना वाट मोकळी केली. वीस टक्के मिश्रणाचं २०३० चं उद्दिष्ट २०२२ मध्ये अलीकडे ओढून २०२५-२६ वर आणलं. २०२२-२३ मध्ये मिश्रण १२ टक्क्यांवर पोचलं आणि २०२५ मध्ये वीस टक्के गाठलं गेलं. वेग थक्क करणारा आहे, आणि त्यातून साखर धंद्याला खरा फायदा झाला हे मान्य केलं पाहिजे. साखर गोदामात पडून राहते तेव्हा कारखान्याचा पैसा अडकतो आणि शेतकऱ्याची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराने होणारं उसाचं बिल, थकते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून काही आठवड्यांत येतात. उसाचं बिल वेळेवर मिळालेल्या घरांना या धोरणाचं महत्त्व कुणी पटवून द्यावं लागत नाही.

पण २०१८ नंतर एक मूलभूत बदल झाला आणि हिशेबाच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. सी-हेवी मळीचं इथेनॉल ही साखरेच्या मागून येणारी गोष्ट होती. ऊस साखरेसाठी लागायचा, पाणी साखरेसाठी जायचं, मळी उरायची. त्या लिटरवर शेतातल्या पाण्याचा भार फारसा टाकला नाही तरी चालत होतं. रसापासून इथेनॉल बनवताना साखर तयारच होत नाही. त्या उसाचं सगळं पाणी, सगळं खत आणि सगळी तोडणी त्या इंधनाच्याच नावावर जाते. बी-हेवी या दोन्हींच्या मधलं आहे. २०२२-२३ चे सरकारी दर हेच सांगतात : सी-हेवीचं इथेनॉल लिटरला ४९.४१ रुपये, बी-हेवीचं ६०.७३ आणि रसाचं ६५.६१. दर तीन ठरले. पाण्याच्या आणि कष्टाच्या हिशेबात मात्र तिन्ही लिटर अजूनही एकच समजले जातात.

मोजमापाची सीमा

ग्लोबल बायोएनर्जी पार्टनरशिप या आंतरराष्ट्रीय गटाने २०११ मध्ये जैवऊर्जेसाठी २४ निर्देशक ठरवले. आठ पर्यावरणाचे, आठ सामाजिक, आठ आर्थिक. हरितगृह वायू, मातीचा कस, पाण्याचा वापर आणि दर्जा, जमीनवापरातला बदल, अन्नधान्याचे भाव, मजुरी, कामावरच्या इजा आणि आजार हे सगळं त्यात येतं. यादी चांगली आहे. ती देशपातळीवर लावायची आहे, ही तिची मर्यादा. देशाची सरासरी काढली की कोल्हापूरचा करवीर तालुका आणि सोलापूरचा करमाळा तालुका एकाच आकड्यात मिसळतात.

दुसऱ्या टोकाला आपली पर्यावरण परवानगीची पद्धत आहे. आसवनीच्या अहवालात पाणी असतं, पण ते कारखान्याच्या कुंपणाच्या आतलं : रोज किती घनमीटर लागणार, किती पुनर्वापर होणार, स्पेंटवॉशचं (आसवनीच्या सांडपाण्याचं) काय करणार. उसात सत्तर टक्के पाणीच असतं, त्यामुळे गाळपातून निघणारं पाणी वापरून कारखाना आपली बरीच गरज भागवू शकतो आणि अहवालात तो काटकसरी दिसतो. शेतातलं पाणी त्या अहवालाच्या बाहेर राहतं. शिवाय २०२१ मध्ये फक्त इंधनमिश्रणासाठी इथेनॉल बनवणाऱ्या अनेक प्रकल्पांना आणि विस्तारांना 'ब-२' गटात टाकलं गेलं. या गटात जनसुनावणी होत नाही. गावाने काही विचारण्याची जी एक जागा होती, तीही त्या प्रकल्पांपुरती बंद झाली.

म्हणून या प्रकरणात मी सीमा वेगळी आखली आहे. एका बाजूला धरणाचं लाभक्षेत्र, दुसऱ्या बाजूला ऊसतोड कामगाराचं गाव. या दोन टोकांच्या मध्ये जे घडतं ते सगळं त्या लिटरचं.

पाणी

नीती आयोगाच्या जून २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातच एक गणित आहे. एक टन उसापासून १०० किलो साखर किंवा ७० लिटर इथेनॉल मिळतं. एक किलो साखरेमागे १,६०० ते २,००० लिटर पाणी लागतं. म्हणून एक लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी. हा आकडा सरकारी कागदावर आहे, कुणा विरोधकाचा नाही. त्याच आराखड्यात कमी पाण्याच्या पिकांकडे वळण्याची सूचनाही आहे.

आता हे उजनीवर लावून पाहू. हेक्टरी १०० टन उतारा धरला तर ७,००० लिटर इथेनॉल. पाटाने भिजवलेल्या उसाला पाऊस धरून २५,००० घनमीटरपर्यंत पाणी लागतं. त्यातलं पावसाचं वजा केलं आणि सिंचनाचं १५,००० घनमीटर धरलं, तरी लिटरमागे दोन हजार लिटरहून जास्त सिंचनाचं पाणी होतं. सोलापूरच्या हलक्या रानात हेक्टरी ऐंशी टन आले, तर तो आकडा २,७०० च्या जवळ जातो.

दुसऱ्या बाजूने बघा. एक लाख हेक्टर उसाला हेक्टरी १५,००० घनमीटर म्हणजे दीडशे कोटी घनमीटर, अर्थात जवळजवळ ५३ टीएमसी. उजनीचा पूर्ण उपयुक्त साठा साडेत्रेपन्न टीएमसी आहे. धरणात एकूण ११७ टीएमसी मावतं असं आपण अभिमानाने सांगतो, पण त्यातलं त्रेसष्टहून अधिक मृतसाठ्यात आहे. सोलापूर जिल्ह्यातला ऊस लाख हेक्टरच्या बराच पुढे गेला आहे. तो सगळा उजनीवर नाही. नीरेचं पाणी आहे, सीना आहे, विहिरी आणि बोअर आहेत. पण वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात राज्यातले सर्वांत जास्त साखर कारखाने उभे आहेत. पाण्याचा ताळेबंद इथे मुळातच जमत नाही, चांगल्या वर्षीही.

हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्येच तुटीच्या खोऱ्यांत ऊस घेऊ नये असं सांगितलं होतं. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने पुढे नोंदवलं की महाराष्ट्रात लागवडीखालच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं जवळपास सत्तर टक्के पाणी घेतो. २०१७ मध्ये राज्य सरकारने उसाला ठिबक सक्तीचं करण्याचा निर्णय घेतला, पण अंमल फार थोडा झाला. ठिबकने उसाचं पाणी चाळीस-पन्नास टक्के वाचतं हे खरं आहे. मात्र वाचलेलं पाणी धरणात परत जात नाही, शेजारच्या रानात नवा ऊस उभा राहतो. लाभक्षेत्रात उसाच्या क्षेत्रावर मर्यादा नसेल तर ठिबकमुळे टनामागचं पाणी घटेल, खोऱ्यातून उपसलं जाणारं पाणी घटणार नाही.

सोलापूरच्या शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. तुरीचा किंवा ज्वारीचा भाव कापणीच्या वेळी काय असेल हे त्याला माहीत नसतं. उसाची एफआरपी आधी जाहीर होते, २०२३-२४ साठी ती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३१५ रुपये होती, आणि कारखाना ऊस नोंदवून घेतो. अवकाळी आणि गारपीट यांतही ऊस बऱ्यापैकी तग धरतो. इथेनॉलने या खात्रीला आणखी एक आधार दिला. सुरक्षित पीक फक्त एकच ठेवायचं आणि मग शेतकरी तेच का लावतो म्हणून विचारायचं, हे मला न्यायाचं वाटत नाही.

कार्बन

इथेनॉलच्या बाजूने सगळ्यात जास्त बोललं जातं ते कार्बनबद्दल. ब्राझीलच्या उसाच्या इथेनॉलला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१० मध्ये पेट्रोलपेक्षा ६१ टक्के कमी उत्सर्जनाचं श्रेय दिलं होतं. तो आकडा आपल्याकडे सर्रास फिरतो. पण ब्राझीलमधला बहुतेक ऊस पावसावर येतो. आपला पंपावर येतो.

एक लिटर इथेनॉल ऊर्जेच्या हिशेबाने दोन-तृतीयांश लिटर पेट्रोलची जागा घेतं. तेवढं पेट्रोल काढणं, शुद्ध करणं, जाळणं या सगळ्याचं उत्सर्जन साधारण दोन किलो कार्बन डायऑक्साइड. आता शेतातला खर्च पाहू. पूर्वहंगामी उसाला हेक्टरी ३४० किलो नत्राची शिफारस आहे, आडसालीला ४००. ३४० किलो नत्रातला एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत गेला असं धरलं, आणि हवामानशास्त्रात हाच ढोबळ अंदाज वापरतात, तर हेक्टरी सुमारे दीड टन कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो. सात हजार लिटरवर वाटला तर लिटरला दोनशे ग्रॅम. युरिया कारखान्यात तयार होताना जे उत्सर्जन होतं ते आणखी दीड-दोनशे ग्रॅम.

सर्वांत मोठा फरक पाणी उचलण्यात आहे. कालव्याचं पाणी उताराने आलं तर वीज जवळपास लागत नाही. तेच १५,००० घनमीटर साठ मीटर खोल बोअरमधून उपसलं आणि पंपाची एकूण कार्यक्षमता चाळीस टक्के धरली, तर हेक्टरी सहा हजार युनिट लागतात. आपल्या वीजजाळ्यात युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे हेक्टरी सव्वाचार टन, लिटरमागे सहाशे ग्रॅम. कालव्यावरच्या उसाच्या इथेनॉलला ऐंशी टक्क्यांच्या आसपास कार्बन फायदा दिसतो, खोल बोअरवरच्या उसाच्या इथेनॉलचा फायदा निम्म्यावर येतो. वाहतूक, आसवनी, पाचट जाळणं हे यात धरलेलं नाही. बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) बॉयलर चालतो आणि वीजही निर्यात होते, त्याचं श्रेयही धरलेलं नाही. हे माझे ढोबळ आकडे आहेत, पण दोन शेतांतला फरक ठळक आहे. सौर कृषी फीडर वाढत गेले की बोअरचा कार्बन भार उतरेल, आणि ते काम राज्यात चालू आहे. मात्र बोअरमधलं पाणी संपण्याचा प्रश्न सौर पंपाने सुटत नाही. वीज दिवसा आणि फुकट मिळाल्यावर उपसा वाढण्याचीच शक्यता जास्त.

पश्चिमेकडचं चित्र निर्मळ आहे असंही समजू नये. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात, शिरोळ-मिरज-वाळवा भागात, वर्षानुवर्षं भरमसाट पाणी देऊन हजारो एकर काळी जमीन क्षारपड झाली आहे. तिथे पाणी मुबलक आहे, पण माती थकली आहे.

स्पेंटवॉशबद्दल थोडक्यात. एका लिटर इथेनॉलमागे आठ ते पंधरा लिटर गडद तपकिरी, प्रचंड सेंद्रिय भार असलेलं सांडपाणी निघतं. शून्य विसर्गाचा नियम आहे. नवीन आसवन्या ते आटवून बॉयलरमध्ये जाळतात, आणि त्या राखेतून पोटॅश खत मिळतं, ज्याला २०२१ पासून केंद्राचं अनुदानही आहे. तंत्र चांगलं आहे आणि ते नीट चाललं तर हा प्रश्न सुटू शकतो. नीरा, भीमा, कृष्णा या नद्यांत मळीमिश्रित पाण्याने मासे मेल्याच्या बातम्या अजूनही येतात, कारण रात्री झडप उघडली का हे पाहणारी यंत्रणा तोकडी आहे.

कोयता

या हिशेबातला हा भाग माझ्या मते सगळ्यात जड आहे आणि जैवइंधनाच्या चर्चेत सगळ्यात कमी बोलला जातो.

बीड, पाथर्डी, जालना, परभणी, धाराशिव, जत या भागांतून दर दिवाळीनंतर लाखो माणसं तोडणीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम पावसाळ्यात उचल देतो, ती हंगामात फेडायची. दिवसाला एक जोडी दीड-दोन टन ऊस तोडते, मोळ्या बांधते, गाडी भरते. पहाटे तीन-चारला उठून, थळात उघड्यावर पालं ठोकून, पाच-सहा महिने. एक दिवस काम चुकलं की खाडा पडतो आणि तो उचलीवर चढतो. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत (गाळप संपेपर्यंत) उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे ओढून नेते. दुष्काळाच्या वर्षी गावात काम नसतं, उचल घेणारे हात वाढतात, आणि ऊस कमी असेल तर हंगाम लवकर आटोपतो. २०२३-२४ च्या सुरुवातीला हीच भीती होती. नोव्हेंबर-डिसेंबरच्या अवकाळी पावसाने ऊस सावरला आणि राज्याचं साखर उत्पादन अंदाजाहून बरंच वाढून ११० लाख टनांच्या घरात गेलं. कामगारांचा हंगाम वाचला तो पावसामुळे. धोरणात त्यांच्यासाठी काहीच नव्हतं.

जानेवारी २०२४ मध्ये लवादात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले. मोठी आणि हक्काची वाढ. आता ती लिटरवर आणू. टनाला ७० लिटर, म्हणजे ६५ रुपये ६१ पैशांच्या लिटरमध्ये तोडणीची मजुरी सव्वापाच रुपये. वाढीआधी चार रुपयांहूनही कमी होती. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्याकडून टनाला दहा रुपये आणि सरकारकडून तेवढेच, असं ठरलेलं आहे. दोन्ही मिळून लिटरला २९ पैसे. आजारपण, पोरांची शाळा, अपघात, विमा, राहण्याची सोय हे सगळं या २९ पैशांत बसवायचं आहे.

मजुरी कोयत्याला मिळते. बाईचं वेगळं नाव मुकादमाच्या वहीत नसतं, उचल नवऱ्याच्या हाती पडते. तोडणीशिवाय पाणी भरणं, स्वयंपाक, पोरं, जनावरं हे तिचंच. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न उघडा पडला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींच्या शस्त्रक्रिया झाल्याचं समोर आलं. दर सहा बायकांमागे एक. लहान वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणं, थळात ना संडास ना न्हाणी, पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही, खाड्याची धास्ती, आणि कॅन्सरची भीती घालणारे खासगी दवाखाने. या सगळ्याचा एकत्रित परिणाम तो आकडा सांगतो. त्यानंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड कामगारांच्या परिस्थितीची स्वतःहून दखल घेतली.

कामावरच्या इजा आणि आजार हा त्या २४ निर्देशकांतला सोळावा निर्देशक आहे. आपल्या इथेनॉल कार्यक्रमात तो कुणी भरत नाही, कारण भरायचा कुणी हेच ठरलेलं नाही. कारखान्याचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी असतो, ठेकेदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा कोयत्याशी, तोही बहुधा तोंडी. तेल कंपनी कारखान्याकडून इथेनॉल घेते. या साखळीत शेवटच्या माणसाचा मालक कागदावर सापडत नाही. हार्वेस्टरला अनुदान मिळतं, आणि ती यंत्रं येतील तसा हा प्रश्न आपोआप मिटेल असं काहीजण म्हणतात. कष्ट मिटतील, पण त्या माणसांनी मग करायचं काय, याचं उत्तर उचलीवर जगणाऱ्या गावांना कुणी दिलेलं नाही.

मक्याकडे वळण

डिसेंबरच्या आदेशाचा एक परिणाम कुणी फारसा ठरवून केलेला नव्हता. उसाचं इथेनॉल घटल्यावर मिश्रणाचं उद्दिष्ट गाठायला सरकारने मक्याच्या इथेनॉलचा दर प्रोत्साहन धरून लिटरला ७१ रुपये ८६ पैशांवर नेला. जुलै २०२३ मध्ये अन्न महामंडळाचा तांदूळ आसवन्यांना देणं थांबलेलंच होतं. मका झपाट्याने पुढे आला. पाण्याच्या दृष्टीने हे बरं आहे; खरिपाचा मका बहुतांशी पावसावर येतो. पण एक टन मक्यापासून ३८० लिटर इथेनॉल मिळतं आणि हेक्टरी साडेतीन टन मका धरला तर तेराशे लिटर. उसाच्या सात हजारांपुढे जमीन पाचपट लागते. त्या जमिनीवर कालपर्यंत सोयाबीन, तूर, ज्वारी होती. कोंबडीखाद्याचा मका महागला, पोल्ट्रीवाले अडचणीत आले, आणि मका निर्यात करणारा देश २०२४ मध्ये मका आयात करू लागला. पाणी वाचलं त्याची किंमत जमिनीत आणि खाद्यात मोजावी लागली. उसाऐवजी मका हे सरसकट उत्तर म्हणून मांडणाऱ्यांनी हा भाग गाळू नये.

करता काय येईल

कोल्हापुरात साखर काढून उरलेल्या सी-हेवी मळीचं इथेनॉल आणि करमाळ्यात बोअरच्या उसाच्या रसाचं इथेनॉल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलं मी बिनदिक्कत टिकाऊ म्हणेन, मजुरीचा प्रश्न सोडवण्याच्या अटीवर. दुसरं तुटीच्या खोऱ्यात कुठल्याही दरात परवडणारं नाही, कारण त्याचं बिल सोलापुरातला नळ आणि शेजारची आटलेली विहीर भरते. मधल्या सगळ्या प्रकारांसाठी खोऱ्यानुसार मोजणी हवी.

त्यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. प्रत्येक कारखान्याच्या शेती विभागाकडे ऊस नोंद असते : गट नंबर, लागणीची तारीख, जात, क्षेत्र. चिटबॉय, म्हणजे ऊस नोंदवून घेणारा कारखान्याचा माणूस, त्या रानात जाऊन आलेला असतो. पाणी कुठून येतं, कालवा की बोअर, ठिबक आहे का, ही आणखी दोन घरं त्या नोंदीत सहज भरता येतात. साखर आयुक्तालय दर हंगामाला गाळप परवाना देतं. त्या परवान्यासोबत या नोंदी आणि तोडणीला आलेल्या प्रत्येक माणसाची, बाईची वेगळ्या नावाने, यादी मागता येते. तेल कंपन्यांच्या निविदेत कच्चा माल कुठला हे आधीच विचारलं जातं, कारण दर त्यावरच ठरतात. त्यात तालुका आणि सिंचनाचा स्रोत यांची भर घातली, तर तुटीच्या खोऱ्यातल्या रसाच्या इथेनॉलला कमी दर आणि तिथल्याच सी-हेवी मळीला जास्त दर देता येईल. म्हणजे कारखाना साखर पूर्ण काढेल, आणि इंधनासाठी म्हणून नवा ऊस लावायला कुणाला कारण उरणार नाही.

कारखानदारांचा आक्षेप ठरलेला आहे : आसवनीसाठी कर्ज काढायला सरकारनेच सांगितलं, व्याजाला सवलत सरकारनेच दिली, आता दर कमी केले तर हप्ते कोण भरणार? आक्षेप रास्त आहे. डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत जे झालं, तसं पुन्हा होऊ नये. बदल पाच-सात वर्षांच्या ठरलेल्या उतारावर करावा, त्या आसवन्यांना हंगामाबाहेर स्थानिक ज्वारी-मक्याच्या खराब धान्यावर चालण्याची मुभा असावी, आणि लाभक्षेत्रात तूर, करडई, ज्वारी या पिकांची हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी त्याच वर्षांत सुरू व्हावी. खरेदी केंद्र आधी उघडलं पाहिजे. शेतकऱ्याने ऊस सोडायचा तो त्यानंतर.

तोडणीचं मात्र थांबवायला काहीच कारण नाही. लिटरला २९ पैशांऐवजी एक रुपया कामगार कल्याणासाठी बाजूला काढला, तर पंपावर वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलला लिटरमागे फार तर वीस पैसे जास्त पडतील. तेवढ्यात टनामागे सत्तर रुपये जमतात, आजच्या साडेतीनपट. हंगामाआधी आणि नंतर आरोग्य तपासणी, थळात पाणी आणि संडास, गावात राहणाऱ्या पोरांसाठी वसतिगृह, बाईच्या नावे खातं. यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या सरकारी अहवालात आधीच लिहून ठेवलेली आहे. पुढचा गाळप परवाना देताना ती अट घालता येईल.